संगणक कक्षाची किल्ली: नाशिकच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शाळा उघडून आठवडा झाला. प्रवेश, पुस्तकवाटप, दाखले, यू-डायसची माहिती, त्यात वर्गखोल्यांची गळती. या दिवसांत आपल्याला चहा गरम असताना प्यायला मिळत नाही, हे मी वीस-बावीस वर्षं स्टाफरूममधून पाहते आहे. तरीही पत्र याच आठवड्यात लिहायला घेतलं, कारण वेळापत्रक अजून पेन्सिलीत आहे. एकदा ते शाईत उतरून ऑफिसच्या भिंतीवर काचेत गेलं की पुढच्या जूनपर्यंत त्याला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही.

मी पंचवटीच्या बाजूच्या एका अनुदानित शाळेत मराठी आणि भूगोल शिकवते. नोकरीतली ही माझी तिसरी शाळा. तिन्ही शाळांत एक गोष्ट सारखी होती: संगणक कक्षाला कुलूप आणि किल्ली ऑफिसच्या कपाटात. आत संगणकांना शिवून घातलेली कव्हरं. एका शाळेत तर ती फुलाफुलांची होती, कार्यानुभवाच्या बाईंनी हौसेनं शिवलेली. तपासणीच्या आदल्या दिवशी शिपाईमामा खोली उघडायचे, फडकं मारायचे, उदबत्ती लावायचे. दुसऱ्या दिवशी साहेब डोकावून जायचे आणि खोली पुन्हा बंद.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. संगणक डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेले असतात, एखादा कीबोर्ड कमी भरला तर खुलासा ज्याच्या नावावर नोंद त्यालाच करायचा असतो. वापरलेली वस्तू बिघडते, झाकलेली टिकते. आपल्या जागी मी असते तर मीही किल्ली कंबरेलाच लावून फिरले असते. पण गेल्या वर्षी आमच्या शाळेत ती किल्ली आठवड्यातून एकदा, मंगळवारी शेवटच्या दोन तासांना, माझ्या हातात आली. त्या दोन तासांत काय झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी थोडं मागचं. दहाएक वर्षांपूर्वी आपल्याकडे ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या आगेमागे कार्यशाळा झाल्या आणि शेकडो शिक्षकांनी आपापले ब्लॉग काढले. मीही काढला. त्यावर काय होतं? शासन निर्णय, रजेच्या अर्जाचे नमुने, घटक चाचण्या, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, वर फिरणारा तिरंगा आणि खाली भेटी मोजणारा आकडा. त्या ब्लॉगांनी शिक्षकांची मोठी सोय केली, हे नाकारणार नाही. तालुक्याला न जाता कागद मिळायला लागला. मुलं मात्र त्यात फोटोपुरती होती: वृक्षारोपणाच्या रोपामागे, प्रभातफेरीच्या फलकाखाली. माझ्या ब्लॉगवर तीन वर्षांत माझ्या विद्यार्थ्याचं एकही वाक्य नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, म्हणजे बघा.

आता मंगळवारबद्दल.

गेल्या वर्षी आठवी ‘ब’ माझ्याकडे होती. वर्गाचा एक ब्लॉग करायचा ठरला. पहिला प्रश्न नावांचा. मुलांची खरी नावं, आडनावं, फोटो काहीही जाहीर करायचं नाही, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. मग टोपणनावं काय घ्यायची? एकानं सुचवलं, किल्ल्यांची. नाशिक जिल्ह्याला किल्ल्यांची काय वानवा! साल्हेरवरून तिघांचं भांडण झालं, कारण तो महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. शेवटी चिठ्ठी टाकली. मुल्हेर, धोडप, हरिहर, अंकाई, टंकाई अशी नावं वाटली गेली. अंकाई-टंकाई एका बाकावरच्या दोन मैत्रिणींनी घेतली. रामशेज एका मुलीला मिळाला, जिचं घर रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं. गोदावरीला पाणी चढलं की नाशिककर काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. पूर बघायला जातो आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवून बोलतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता. आपल्या शहराची ही पिढ्यानपिढ्यांची मोजपट्टी. रामशेजनं चार ओळींची नोंद टाकली: ‘काल गोदामाईला पूर आला. पाणी मारुतीच्या छातीला लागले. दुकानदारांची खूप धावपळ झाली. निसर्गापुढे माणूस हतबल असतो.’

शेवटचं वाक्य कुठून आलं ते आपण मराठीचे शिक्षक ओळखतो. निबंधाच्या वहीत मी त्याखाली ‘छान’ लिहून सही केली असती आणि दहापैकी सात दिले असते.

दुसऱ्या दिवशी त्या नोंदीखाली एक प्रतिक्रिया आली. प्रतिक्रिया आधी माझ्याकडे येतात, मी पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. कोणी निवृत्त गृहस्थ असावेत, पंचवटीतलेच. त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नव्हतं. लिहिलं होतं: ‘किती वाजता पाहिलंस? कोणत्या बाजूनं? रामकुंडाच्या बाजूनं पाहिलं की छाती वाटते, पलीकडून कंबर वाटते. आणि त्या वेळी होळकर पुलाखालून किती क्युसेक जात होते?’

मंगळवारी मी ती प्रतिक्रिया पडद्यावर लावली. वर्ग गप्प. रामशेजचा चेहरा पडला, तिला वाटलं आपण चुकलो. मग मागच्या बाकावरून धोडप म्हणाला, ‘बाई, क्युसेक म्हणजे नक्की किती?’

भूगोलाच्या पुस्तकात धरणाचं चित्र असतं, क्युसेक हा शब्द पावसाळाभर पेपरात असतो, मुलं तो रोज ऐकतात. कोणीही विचारलं नव्हतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लीटर. फळ्यावर गुणाकार केला. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८,३०० लीटर. ‘म्हणजे दहा हजार लीटरचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला,’ हरिहर म्हणाला. त्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. एक टँकर भूमिगत टाकीत रिकामा व्हायला किती वेळ लागतो, त्याचा पाईप कसा उडतो, हे त्यानं उभं राहून सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून एक, दोन, तीन असे सेकंद मोजले आणि प्रत्येक सेकंदाला तीन टँकर डोळ्यांसमोर ओतले. दहा सेकंदांत वर्गाला हसू फुटलं, विसाव्या सेकंदाला सगळे गप्प झाले.

रामशेज त्या संध्याकाळी वडिलांना घेऊन पुन्हा नदीवर गेली. पाणी उतरलं होतं, पण मारुतीच्या अंगावर गाळाची रेघ राहिली होती. तिनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली. तिची दुसरी नोंद मी इथे सगळी देत नाही, पण तिची सुरुवात अशी होती: ‘मी छाती लिहिलं होतं ते चुकलं. गाळाची रेघ कमरेच्या थोडी वर आहे. मी गर्दीत होते आणि बाबांच्या खांद्यामागून पाहिलं होतं.’

निसर्गापुढे हतबल माणूस त्या नोंदीत कुठेच नव्हता. तिथे एक मुलगी होती, बाबांच्या खांद्यामागून पाहणारी. सर, वीस वर्षं मी ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं प्रश्नपत्रिकेत छापते आहे. ते स्वतःचे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते यायला लागला एक अनोळखी वाचक, ज्याला तिचे मार्क ठरवायचे नव्हते आणि खरंच जाणून घ्यायचं होतं.

यात नवं काही नाही, आणि परदेशी तर मुळीच नाही. आपल्या शाळांत भित्तिपत्रक होतं. वार्षिक हस्तलिखित होतं, सुवाच्य अक्षराच्या मुलांकडून लिहून घेतलेलं, वर रांगोळीसारखी नक्षी. ज्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, त्या गावाला वाचकाची किंमत मी काय सांगणार? फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला एक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलता येत नसे. १९२४ मध्ये त्यानं वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं आपला मजकूर स्वतः खिळे जुळवून छापायची आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवायची, तिकडून त्यांचे कागद यायचे. आमच्या ब्लॉगला आजोबा शोधायचा तर तो हा. फरक इतकाच की छापखाना विकत घ्यावा लागे, आणि आपला संगणक कक्षात कव्हराखाली आहे.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते.

माझ्या आधीच्या एका शाळेत, कुठल्या ते विचारू नका, असाच प्रयोग मी केला होता. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं: ‘आमच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. एक जण आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभे राहायचे. मधल्या सुट्टीत त्यामुळे डबा खायला वेळ उरत नाही.’ साधी तीन वाक्यं, एकही विशेषण नाही. मी ती जाहीर केली. संध्याकाळी संस्थेच्या कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर ती गेली, सकाळी मला ऑफिसात बोलावणं. ‘बाई, शाळेची बदनामी.’ नोंद काढून टाकायला सांगितली, मी काढली. माझ्यात तेवढं धाडस नव्हतं.

दोन दिवसांनी दाराला कडी बसली. नवी, पितळी.

त्या मुलीची पुढची नोंद होती ‘माझा आवडता सण’. त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही.

त्याच सुमाराची एक जगजाहीर गोष्ट आहे. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीनं शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचा रोज फोटो काढून ब्लॉग लिहायला सुरुवात केली. दहापैकी गुण, किती घास, आरोग्याला कसं, आणि जेवणात किती केस सापडले, अशी तिची मोजणी. जगभरातली मुलं आपापल्या ताटाचे फोटो तिला पाठवू लागली. तिथल्या कौन्सिलनं शाळेत फोटो काढायला बंदी केली. इतका गहजब झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. त्या ब्लॉगमधून मलावीतल्या शाळकरी मुलांच्या जेवणासाठी एक लाख पाउंडांहून जास्त देणगी जमली. आपल्याकडे खिचडीचं पातेलं रोज चढतं. एखाद्या मुलानं खिचडी करपल्याचं लिहिलं तर आपण काय करू, हे आधी ठरवायला हवं. ते ठरवायची तयारी नसेल तर ब्लॉग सुरूच करू नये, हे मी मनापासून सांगते. मुलांना लिहायला बसवून मग गप्प करणं हे न लिहायला लावण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या साधनांविषयी थोडं. सगळीच मला येतात असं नाही, पण स्टाफरूममध्ये एकमेकांच्या तासाला बसायची सवय आम्ही लावून घेतली, त्यातून जे पाहिलं ते.

आमचे गणिताचे सर जिओजेब्रा वापरतात. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टरनं २००१ मध्ये केलेलं, फुकट मिळणारं गणिताचं सॉफ्टवेअर. सर फळ्यावर त्रिकोण काढायचे तेव्हा तो नेहमी देखणा, लघुकोन निघायचा, आणि परिकेंद्र, म्हणजे तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक मिळतात तो बिंदू, नेहमी बरोबर पोटात. पडद्यावर त्यांनी एका मुलाला उठवून शिरोबिंदू ओढायला सांगितला. तिन्ही लंबदुभाजक सरकायला लागले, परिकेंद्र कडेकडे निघालं, काटकोन झाल्यावर नेमकं कर्णाच्या मधोमध येऊन बसलं, आणि कोन आणखी उघडल्यावर त्रिकोणाबाहेर पडलं. ‘सर, पळालं!’ असा आवाज झाला. आमच्या सरांना बोलायची फार सवय, ते लगेच नियम सांगायला निघाले. त्यांना मागून मीच खूण केली, थांबा म्हणून. मुलं त्याला पुन्हा आत आणत होती, पुन्हा बाहेर काढत होती. नियम त्यांनी सहा मिनिटांत स्वतः सांगितला, पुस्तकापेक्षा बऱ्या मराठीत.

विज्ञानाच्या बाई ‘फेट’ची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, दाखवतात. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम. एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, म्हणून सुरगाणा-पेठकडच्या शाळांनाही उपयोगी. पहिल्या दिवशी बाईंनी सरळ दाखवायला सुरुवात केली. मुलांनी सर्किटमध्ये मुद्दाम शॉर्ट केलं, पडद्यावर सेलला आग लागली, टाळ्या पडल्या, तास संपला. करमणूक उत्तम, वीज कोणालाच कळली नाही. पुढच्या तासाला बाईंनी क्रम फिरवला. आधी पडदा बंद. एकसर जोडणीत दोन सारखे दिवे आहेत. दुसरा पहिल्यापेक्षा मंद लागेल का? वहीत लिहा, सही करा, मग हात वर. निम्म्याहून जास्त हात ‘मंद’ म्हणून वर. पहिल्या दिव्यानं वीज ‘खाल्ली’, दुसऱ्याला उरलेली, असा त्यांचा हिशेब, आणि खरं सांगते, माझाही तोच होता. मग पडदा सुरू. दोन्ही दिवे सारखेच. ज्यांनी सही करून ‘मंद’ लिहिलं होतं ते खवळले, तारा तपासायला पुढे आले, ‘बाई, यांचं बिघडलंय’ म्हणाले. मग बाईंनी टेबलाखालून खरे सेल आणि खरे दिवे काढले.

ती वहीतली सही म्हणजे खरा तास होता. पडदा त्यानंतरचा. स्मार्ट बोर्ड घेताना विक्रेता हे सांगत नाही, त्याला ते ठाऊकही नसतं.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी कागदाची कार्डं आहेत. प्लिकर्स म्हणतात. प्रत्येक मुलाकडे एक छापील चौकोनी कार्ड, ते ज्या बाजूनं वर धरावं ते त्याचं उत्तर. शिक्षकानं एकच फोन वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते कळतं. शेजाऱ्याचं बघून हात वर करणारी अर्धी जनता इथे उघडी पडते.

मुलं आधीच मोबाईलमध्ये बुडालेली आहेत, त्यात शाळेनं भर घालायची का, हा आपला प्रश्न मी सहविचार सभेत दहा वेळा ऐकला आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी वह्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, रात्री अकरापर्यंत टिकमार्क केले, त्याचा उबग मलाही आहे. पण मंगळवारच्या त्या दोन तासांत मोबाईल नव्हताच. दोन मुलांत एक संगणक होता, आणि निम्मा वेळ तर मराठी टाइप करण्यात जायचा. ‘दऱ्याखोऱ्या’ची ‘दर्याखोर्या’ झाली की वाचकांनी ‘समुद्राकाठी गेला होतात का’ विचारायचं, मग वर्गभर तो अर्धा र कसा काढायचा याचा शोध. शुद्धलेखनाच्या तासाला मी तो शोध कधी घडवू शकले नाही.

आता तर गृहपाठ लिहून देणारे चॅटबॉट आले आहेत. ‘गोदावरीचा पूर’ म्हणून विचारलं की निसर्गापुढे हतबल माणूस दोन पानं भरून मिळतो. गाळाची रेघ कमरेच्या थोडी वर आहे हे मात्र जाऊनच बघावं लागतं.

सुरक्षिततेची काळजी मी हलकी मानत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आम्ही पालकसभेत छापील पत्र वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. दोन पालक नाही म्हणाले. त्यांची मुलं त्याच तासाला भित्तिपत्रकावर लिहीत होती, आणि त्यातल्या एकाचं अक्षर पाहून बाकीच्यांना असूया वाटायची. शाळेच्या फेसबुक पानावर गुणवंतांचे नाव-फोटो-टक्के टाकताना आपण ही संमती घेतो का, हा प्रश्न जाता जाता विचारून ठेवते.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. ही साधनं आज आहेत, उद्या नाहीत. शाळांनी हौसेनं जमवलेली फ्लॅशवरची ॲनिमेशन २०२० च्या डिसेंबरनंतर चालेनाशी झाली. वर्गासाठीच्या ऑनलाइन साधनांपैकी विकीस्पेसेस २०१८ मध्ये गुंडाळलं, एडमोडो २०२२ मध्ये, जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस. म्हणून दर सत्राच्या शेवटी ब्लॉगची प्रत उतरवून घ्यायची आणि एक छापून शिवून ग्रंथालयात ठेवायची. आमचे ग्रंथपाल त्याला हस्तलिखितच म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही.

तर माझं मागणं. नवी खरेदी नको. कृपा करून नको. आहे त्यातले सहा संगणक चालले तरी पुरे. वेळापत्रकात एका वर्गाला आठवड्यातून एक जोड तासिका द्या आणि ती ऑफ तासाच्या भरतीला वापरू नका. किल्ली त्या दिवशी शिक्षकाच्या हातात द्या आणि कीबोर्ड मोडला तर मोडला असं डेड स्टॉकला लिहायची मुभा द्या. अहवाल मागू नका. खरंच सांगते, ज्या दिवशी ‘या महिन्यात किती पोस्ट झाल्या, लिंक गटावर टाका’ असा निरोप येतो, त्या दिवशी ब्लॉग मरतो. मग आम्ही रात्री बसून मुलांच्या नावानं लिहितो, आणि आपण सगळे ते जाणून असतो. मुलांच्या चुका जाहीर दिसू देत, शाळेच्या दर्जाचं काय होईल याची धास्ती थोडी बाजूला ठेवा. रामशेजची पहिली नोंद अजून तशीच आहे, दुसरीच्या खाली.

आणि ब्लॉग वाचा. आपण स्वतः, महिन्यातून एकदा. वाचून ‘अतिशय स्तुत्य उपक्रम’ लिहू नका. काहीतरी विचारा.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. रामकुंडाच्या परिसरात काय खणलं जातं, काय उभं राहतं, कोणाचं दुकान हलतं, हे आमची मुलं शाळेत येता-जाता रोज पाहतात. बाहेरचे पत्रकार येतील, फोटो काढतील, जातील. पंचवटीतल्या चौदा वर्षांच्या मुलांनी ते रोजचं रोज लिहून ठेवलं तर पुढच्या सिंहस्थाला ते कोणी तरी शोधत येईल.

आपल्यापैकी कोणाला आमचा मंगळवारचा तास पाहायचा असेल तर जरूर या. सूचना देऊन येऊ नका, नाहीतर मामा उदबत्ती लावतील.

आपली नम्र,
एक वर्गशिक्षिका, पंचवटी, नाशिक

ता. क. रामशेज आता नववीत आहे, वर्ग माझ्याकडेच आहे. त्या गृहस्थांचा शेवटचा प्रश्न मार्चपासून तिच्या नोंदीखाली पडून आहे: ‘गंगापूरहून सोडलेलं पाणी रामकुंडावर यायला किती वेळ लागतो, ते तू मोजशील का?’ मुलांनी बेत आखून ठेवला आहे. एक गट सोमेश्वरच्या धबधब्याशी, एक होळकर पुलावर, एक मारुतीपाशी, सगळ्यांच्या घड्याळांची वेळ आदल्या दिवशी जुळवलेली. प्रत्येक गटाबरोबर एक पालक असेल आणि कोणीही पाण्याच्या जवळ जाणार नाही, तसं पत्र पालकांकडे गेलं आहे. धरण भरायला अजून अवकाश आहे. मंगळवारचे शेवटचे दोन तास वेळापत्रकात अजून रिकामे दिसतात. तेवढी पेन्सिल फिरवायची राहिली आहे.